मराठी बातमीची घडण

मराठी बातमी आज ज्या रचनेत लिहिली जाते, ती रचना पहिल्या मराठी वृत्तपत्रात नव्हती. महत्त्वाचा तपशील पहिल्या वाक्यात, पार्श्वभूमी शेवटी, बातमीदाराचे मत बातमीबाहेर आणि माहिती देणाऱ्याचे नाव किंवा निदान हुद्दा बातमीत, हे नियम पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही तासांत शिकवले जातात आणि लवकरच ते स्वयंसिद्ध वाटू लागतात. प्रत्यक्षात त्यांतले बरेचसे नियम कुठल्या तरी अडचणीतून, खटल्यातून किंवा यंत्राच्या गरजेतून आले, आणि मराठीत ते रुळायला शंभर वर्षे लागली. मराठी वृत्तपत्र जन्माला आले ते लोकशिक्षणाचे आणि विचारांचे पत्र म्हणून. बातमीला त्यात स्वतःची जागा हळूहळू मिळवावी लागली.

छापखाना येण्यापूर्वीही मराठीत बातमी लिहिली जात होती. पेशव्यांचे वकील निरनिराळ्या दरबारांत बसून पुण्याला नियमित पत्रे धाडत. दिल्लीत हे काम हिंगणे घराण्याकडे होते. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. या पत्रांत तिथी असे, ठिकाण असे, कोणाची फौज कुठे उतरली, कोण कोणाला भेटले, धान्याची महर्गता किती, याची नोंद असे. खात्री नसलेली गोष्ट असली तर ती आवई असल्याचे लिहिले जाई. वाचक मोजके, बहुधा कारभारी मंडळी. पण त्यांना चुकीची बातमी गेली तर फौज चुकीच्या वाटेला लागण्याचा धोका होता. म्हणून ऐकीव आणि खात्रीचे वेगळे ठेवण्याला मोल होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तिच्याबरोबर ही पत्रव्यवस्थाही मोडली. पुढे छापील पत्रे निघाली ती या परंपरेतून निघाली नाहीत. त्यांच्यापुढे नमुना होता मुंबईतल्या इंग्रजी पत्रांचा, आणि १८२२ पासून फर्दुनजी मर्झबान यांनी चालवलेल्या गुजराती 'मुंबई समाचार'चा. वकिलांनी कमावलेली शिस्त मराठी बातमीला पुन्हा नव्याने शिकावी लागली, याचे एक कारण हे तुटलेले नाते आहे.

बाळशास्त्री जांभेकर यांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. आधी ते पाक्षिक होते, मे महिन्यापासून साप्ताहिक झाले आणि १८४० च्या जूनपर्यंत चालले. पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. एतद्देशीयांना विलायतेतल्या विद्या कळाव्यात आणि एतद्देशीयांचे म्हणणे राज्यकर्त्यांना कळावे, अशा दोन्ही बाजूंना तोंड असलेल्या पत्राला ही मांडणी सोयीची होती. बातम्यांचा पुरवठा मात्र तुटपुंजा होता. इंग्रजी पत्रांतले उतारे, जहाजाने आलेली पत्रे आणि वाचकांनी कळवलेले वर्तमान एवढीच भिस्त. विलायतेची बातमी पोहोचायला कित्येक महिने लागत, त्यामुळे आज काय घडले हे सांगण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. घडलेली गोष्ट आरंभापासून शेवटपर्यंत क्रमाने सांगायची, मग तिच्यातून काय घ्यावे ते सांगायचे, ही कथनाची पद्धत अशा काळात स्वाभाविक होती.

भाषेचीही अडचण होती. शास्त्री मंडळींना लांब, जोडवाक्यांची सवय, आणि शेजारच्या स्तंभातल्या इंग्रजी मजकुराशी मराठीला जुळवून घ्यावे लागे. विरामचिन्हे मराठीत नुकती येत होती; ती रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. पूर्णविरामाचा भरवसा नसलेल्या गद्यात छोटे, सुटे वाक्य लिहिणे किती कठीण असेल याची कल्पना आज करावी लागते. बाळशास्त्री आणि त्यांच्या समकालीनांनी अशा गद्यात कायदा, व्यापार, शास्त्र आणि समाजसुधारणा यांवर लिहिले. मराठी वृत्तपत्रीय गद्याची पायाभरणी त्यांनी केली, आणि ती करताना हाती तयार असे फार थोडे होते.

१८३५ मध्ये चार्ल्स मेटकाफ यांनी छापखान्यांवरचे जाचक निर्बंध उठवले आणि पत्रांना मोकळा श्वास मिळाला. 'मुंबई अखबार' १८४० मध्ये निघाले. १८४१ मध्ये गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन, यांनी 'प्रभाकर' काढले. अहमदनगरला अमेरिकन मिशनचा 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये आणि पुण्यात 'ज्ञानप्रकाश' १८४९ मध्ये सुरू झाला. या पत्रांत बातमीपेक्षा पत्रव्यवहाराला जास्त जागा होती. गोपाळ हरी देशमुख यांची 'लोकहितवादी' या नावाने लिहिलेली शतपत्रे १८४८ पासून 'प्रभाकर'मध्येच आली. गावोगावचा एखादा शिक्षक, वकील किंवा व्यापारी आपल्याकडचे वर्तमान लिहून पाठवी आणि ते जवळपास जसेच्या तसे छापले जाई. पगारी बातमीदार ठेवण्याइतकी ऐपत पत्रांजवळ नव्हती. हाच पत्रलेखक पुढे वार्ताहर झाला. त्याच्या पत्रात तक्रार, वर्णन, मत आणि स्तुती एकत्र येत. ते वेगळे करण्याचे काम संपादकाचे आहे, ही जाणीव यायला वेळ लागला.

घटना मोजून, नोंदवून मांडण्याची सवय लावण्यात एका वृत्तपत्राबाहेरच्या संस्थेचा हात होता. १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ठिकठिकाणाहून पिकांची, भावांची, मजुरीची आणि मृत्यूंची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. न्यायमूर्ती रानडे आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या या कामात भावनेला आवाहन कमी आणि तपशील जास्त असे. सरकारला खोडता येणार नाही असे लिहायचे तर नुसता त्वेष पुरत नाही, हे या नोंदींनी दाखवून दिले. सरकारलाही वृत्तपत्रांची दखल घ्यावीच लागत होती. मुंबई इलाख्यात १८६८ पासून सरकारी भाषांतरकार देशी पत्रांतला मजकूर आठवड्याच्या आठवड्याला इंग्रजीत सारांशाने उतरवून अधिकाऱ्यांपुढे ठेवत. १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. रिपन यांच्या कारकीर्दीत, १८८२ मध्ये, तो रद्द झाला.

त्याच वर्षी मराठी पत्रकारितेला पडताळणीचा पहिला मोठा धडा मिळाला. 'केसरी' आणि 'मराठा' १८८१ च्या जानेवारीत निघाले होते; 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि इंग्रजी 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज त्या वेळी मानसिक आजारी असल्याचे सांगितले जात होते आणि कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता. तरुण महाराजांचा छळ होत आहे, अशी चर्चा महाराष्ट्रभर होती. बर्वे यांच्या नावाची काही पत्रे दोन्ही संपादकांपर्यंत पोहोचली आणि त्यांच्या आधारे दोन्ही वृत्तपत्रांनी दिवाणांवर टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सवलत मिळून ती १०१ दिवसांवर आली. या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले.

या प्रकरणाची आठवण बहुधा दोन तरुण देशभक्तांच्या तुरुंगवासाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि सुटकेनंतर त्यांचे स्वागतही तसेच झाले. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने ते दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवे. महाराजांचे हाल होत असावेत ही शंका निराधार नव्हती. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, अहमदनगर इथे पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे रोख बरोबर होता, पुरावा खोटा होता, आणि न्यायालयात पुरावाच उभा राहतो. कागद कुणी दिला, त्याला तो कुठे मिळाला, हस्ताक्षर कुणी ओळखले, दुसऱ्या कुणाकडून त्याची खात्री झाली का, हे सगळे प्रश्न छापण्याआधी विचारायचे असतात. कागदोपत्री पुराव्याच्या पडताळणीवर मराठीतून शिकवताना याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

पंधरा वर्षांनंतरच्या दुसऱ्या खटल्याने वेगळा प्रश्न उभा केला. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त पुण्यातल्या शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आला. त्यात व्याख्यानांचा गोषवारा होता आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती. आठवड्याभरात, २२ जूनच्या रात्री, प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला, तो मुख्यतः या वृत्तांतावर आणि कवितेवर. सभेत कोणी काय बोलले ते जसेच्या तसे देणे हा बातमीदाराचा अपराध होऊ शकतो का, असा तो मुद्दा होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे मराठी मजकुराच्या इंग्रजी भाषांतरावरून बराच काथ्याकूट झाला. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांची झाली. १९०८ मध्ये अग्रलेखांवरून सहा वर्षांची शिक्षा होऊन टिळक मंडालेला गेले, तेव्हाही भाषांतराचा वाद निघालाच. मराठी संपादकाला तेव्हापासून शब्द तोलून लिहावे लागले: मराठी वाचकाला अर्थ पोहोचला पाहिजे आणि इंग्रजीत उतरवल्यावर तो कलमात सापडता कामा नये. शिवराम महादेव परांजपे यांच्या 'काळ'मधला वक्रोक्तीचा फुलोरा या दडपणाखाली बहरला. साहित्य म्हणून तो मोठा आहे. बातमीच्या सरळ वाक्याला मात्र या काळात वाढायला वाव थोडाच मिळाला.

बातमी कशी लिहावी याच्याइतकाच, कोणाचे जगणे बातमी ठरते हा प्रश्न महत्त्वाचा होता, आणि पुण्या-मुंबईच्या प्रस्थापित पत्रांनी त्याचे उत्तर फार आखडून दिले होते. १८८१ मध्ये सुरत इथल्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली. त्या खटल्याच्या निमित्ताने 'पुणेवैभव' या वृत्तपत्राने एकूण स्त्रियांच्या नीतीवर ताशेरे झाडले. त्याच्या संतापात ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहिली. न्यायालयाच्या बातमीवर चढवलेले भाष्य एका समूहाला कसे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, याचे इतके धारदार उत्तर त्या काळात दुसरे नाही.

कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये 'दीनबंधु' काढले. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. गिरणी कामगारांचे तास, पगार आणि सुट्टी हा या पत्राचा रोजचा विषय होता. लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तानुबाई बिर्जे या 'दीनबंधु'च्या संपादक झाल्या. मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून 'दीनमित्र' नगर जिल्ह्यातल्या तरवडी या खेड्यातून चालवला आणि पत्र चालवायला शहरच लागते ही समजूत मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नव्हती. महाडचा सत्याग्रह १९ आणि २० मार्च १९२७ रोजी झाला. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला आणि चवदार तळ्यावर काय घडले ते ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांच्या बाजूने वाचकांपुढे आले. पुढे स्तंभच्या स्तंभ बाबासाहेब स्वतः लिहीत, कारण लेखक ठेवायला पैसा नव्हता. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात या पत्रांना अनेकदा शेवटी एक वेगळे प्रकरण मिळते. त्यांची जागा मध्यभागी आहे, कारण बातमीचे क्षेत्र त्यांनी वाढवले.

बातमीचा वेग तारेने बदलला. १८५० च्या दशकात हिंदुस्थानात तारायंत्र लोकांसाठी खुले झाले, आणि १८६६ मध्ये रॉयटरचे कार्यालय मुंबईत आले. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तारेच्या बातमीत विशेषण परवडत नसे. मराठी साप्ताहिकांना ही सेवा घेणे आवाक्याबाहेरचे होते. ती इंग्रजी पत्रांत छापून आल्यावर मराठीत उतरत असे. 'ज्ञानप्रकाश' १९०४ मध्ये दैनिक झाला, आणि रोज पाने भरायची म्हटल्यावर बातमीची गरज खऱ्या अर्थाने भासू लागली.

ती भूक ओळखली अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी. पहिले महायुद्ध सुरू असताना, १९१५ मध्ये, त्यांनी मुंबईत 'संदेश' काढला. ठसठशीत मथळे, बोलभाषेतली वाक्ये, नाटकांची आणि शहरातल्या घडामोडींची चटकदार वर्णने, वत्सलावहिनींच्या नावाने येणारी पत्रे, असा मजकूर मराठी वाचकाने दैनिकात पूर्वी पाहिला नव्हता. विद्वानांनी नाके मुरडली. तरी 'संदेश'ने दोन गोष्टी कायमच्या केल्या: मथळा हा बातमीचा भाग झाला, आणि बातमी मोठ्याने वाचून दाखवता येईल अशा भाषेत आली. कोल्हटकरांच्या लेखणीत तपशिलाला रंग चढे, हेही खरे, आणि रंग किती चढवायचा हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

बातमीच्या रचनेचा म्हणून जो नियम आज पहिला सांगितला जातो, तो उलट्या मनोऱ्याचा. सर्वांत महत्त्वाचे वर, कमी महत्त्वाचे क्रमाने खाली. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे या सहा ककारांपैकी निर्णायक उत्तरे पहिल्या परिच्छेदात, म्हणजे इंट्रोत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तारा मध्येच तुटत, म्हणून बातमीदार मुख्य गोष्ट आधी पाठवू लागले, अशी याची उत्पत्ती सांगतात. अभ्यासकांनी त्या काळचे अंक तपासल्यावर चित्र वेगळे दिसले. युद्धकाळातही बहुतेक बातम्या क्रमवार कथनाच्याच होत्या. नवी रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी स्थिर झाली. ती टिकली याचे कारण छापखान्यात आहे. जुळाऱ्याने खिळे जुळवून मजकूर तयार केला, पान लावताना तो ओळी-दोन ओळींनी जास्त भरला, तर खालून कापणे हाच जलद मार्ग. शेवटच्या परिच्छेदात निष्कर्ष ठेवलेली बातमी अशा वेळी निकामी होते. रात्रपाळीच्या उपसंपादकाला पुन्हा लिहायला वेळ नसतो.

ही रचना आणि तिच्यामागची वृत्ती मराठीत पक्की करण्याचे श्रेय मुख्यतः डॉ. नारायण भिकाजी उर्फ नानासाहेब परुळेकर यांना जाते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि अमेरिकी वृत्तपत्रे जवळून पाहून ते परतले आणि १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केले. 'दर्पण'ला त्याच आठवड्यात शंभर वर्षे पूर्ण होत होती. पुण्यात तेव्हा वृत्तपत्र म्हणजे संपादकाचा अग्रलेख, आणि संपादक म्हणजे पुढारी, हे समीकरण होते. परुळेकरांनी बातमीला पहिले स्थान दिले. बाजारभाव, नगरपालिका, पाणी, शाळा, अपघात, खेड्यातली यात्रा आणि पिकाची स्थिती यांना पानावर जागा मिळाली. जिल्ह्यातल्या गावोगावी वार्ताहर नेमले गेले, त्यांच्याकडून नाव, ठिकाण, आकडा बिनचूक मागितला जाऊ लागला. वाक्ये आखूड झाली, संस्कृतप्रचुर शब्द मागे पडले. बातमी बातमीच्या जागी आणि मत अग्रलेखात, ही विभागणी वाचकाच्या अंगवळणी पडली. विचारपत्रांच्या शहरात हे करणे धाडसाचे होते, आणि 'सकाळ' टिकला यावरून वाचक त्यासाठी आधीच तयार होता असे म्हणावे लागते.

स्वातंत्र्यानंतर विचारपत्राची परंपरा संपली नाही. आचार्य अत्रे यांचा 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी निघाला, आणि त्याच्या मथळ्यांनी तटस्थतेचा आव कधी आणला नाही. 'लोकसत्ता' १९४८ मध्ये आणि 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारी १९४९ पासून प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाची सेवा चालू झाली. ती इंग्रजीत होती, त्यामुळे मराठी उपसंपादकाच्या कामाचा मोठा भाग भाषांतराचा राहिला. 'त्यांनी असे सांगितले की' या वळणाची वाक्ये, कर्मणि प्रयोगाचा अतिरेक आणि 'च्याद्वारे', 'च्या अंतर्गत' असे शब्द मराठी बातमीत शिरले ते बहुतांशी या भाषांतराच्या टेबलावरून. चांगले वृत्तसंपादक नवशिक्याला सांगत की तार वाचून बाजूला ठेव आणि मग बातमी लिही.

पत्रकारितेचे शिक्षण वर्गात आले ते याच सुमारास. त्याआधी कच्चा माणूस मुद्रितशोधनापासून सुरुवात करी, मग किरकोळ सभांना जाई, मग न्यायालय किंवा पालिका त्याच्याकडे येई. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये अमेरिकी प्राध्यापक रोलंड वूल्सली यांच्या पुढाकाराने पत्रकारिता विभाग सुरू झाला. पुणे विद्यापीठाचा वृत्तविद्या विभाग १९६४ मध्ये सुरू झाला आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीमुळे त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. या वर्गांत इंट्रो, मथळा, उलटा मनोरा, अब्रुनुकसानीचा कायदा आणि न्यायालयाची बेअदबी हे विषय पाठ्यक्रमात बसले. खिळ्यांची छपाई १९८० नंतरच्या काळात एकेक करून बंद झाली, पडद्यावर पान लावताना मजकूर कुठूनही कमी करता येऊ लागला, तरी विद्यार्थ्यांकडून पहिला सराव अजून तोच करून घेतला जातो: एका घटनेची टिपणे द्यायची, त्यांतले निर्णायक काय ते ओळखायला सांगायचे, आणि पहिला परिच्छेद तीस-पस्तीस शब्दांत लिहून घ्यायचा.